बोद्रुमच्या किल्ल्यातला समुद्रतळ

बुडालेल्या गलबतांचा नाद मला फार जुना. ज्याला तो नाही त्याला सांगून पटणे कठीण; पण जमिनीवरचे प्राचीन शहर म्हणजे शतकानुशतके चाळलेले, फाडलेले, नव्याने बांधलेले आणि म्हणून पानांची सरमिसळ झालेले दप्तर असते, तर बुडालेल्या गलबतावर जे जे होते ते सर्व एकाच घटकेला एकत्र होते एवढी खात्री असते, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला ह्याहून मोठे सुख नाही. त्यामुळे तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील बोद्रुमला जाण्याचा योग आला तेव्हा, जेथे लोक पोहायला, उन्हात पडून राहायला आणि उत्तररात्रीपर्यंत गाणेबजावणे ऐकायला जातात तेथे मी केवळ एका किल्ल्यासाठी गेलो, आणि सोबतच्या मंडळींनी ह्याबद्दल केलेली थट्टा आनंदाने सोसली.

गावाचा पूर्वेतिहास थोडक्यात उरकतो. प्राचीन काळी हे हॅलिकार्नासस. इतिहासलेखनाचा जनक म्हणविला जाणारा हिरोडोटस येथला. इ. स. पू. चौथ्या शतकात इराणी सम्राटाच्या वतीने कारिया प्रांताचा सुभेदार असलेल्या मॉसोलसने ही आपली राजधानी केली, इ. स. पू. 353 मध्ये तो वारल्यावर त्याची भगिनी आणि पत्नी आर्टेमिसिया हिच्या कारकिर्दीत जे स्मारक उभे राहिले ते जगातील सात आश्चर्यांत गणले गेले. प्लिनीच्या वर्णनाप्रमाणे त्याला 36 स्तंभ, त्यांवर 24 पायऱ्यांचे निमुळते शिखर आणि सर्वांवर संगमरवरी रथ होता, आणि उंची 140 फूट. इ. स. पू. 334 मध्ये अलेक्झांडरने शहराला वेढा घातला. पुढे रोमन आले, बायझंटाईन आले, तुर्क आले. भूकंपांनी स्मारक ढासळले, आणि उरलेल्या दगडांवर सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांची दृष्टी पडली.

हे धर्मयोद्धे ऱ्होड्स बेटावरून अंमल चालवीत. 1402 मध्ये तैमूरने त्यांच्याकडून इझमीरचा किल्ला हिरावून घेतला, तेव्हा त्यांनी बोद्रुमच्या दोन आखातांमधील खडकाळ भूशिरावर नवा किल्ला बांधावयास घेतला. कॉस बेटावरून बोटीने आले म्हणजे तो प्रथम दिसतो, आणि गाव नंतर. इंग्रज, फ्रेंच, इटालियन, जर्मन अशा प्रत्येक जमातीचा स्वतंत्र बुरूज असून भिंतींवर सुमारे अडीचशे कुलचिन्हे कोरलेली आहेत. परंतु मला त्या चिन्हांपेक्षा भिंतीच जास्त वाचनीय वाटल्या. राखी-हिरवट दगडांच्या चिऱ्यांमध्ये मधूनच एखादा शुभ्र, घोटीव संगमरवराचा ठोकळा येतो. कोठे खांबाचा तुकडा आडवा घातलेला असतो आणि त्याचे गोल तोंड बाहेर डोकावते. हे मॉसोलसच्या थडग्याचे दगड. पुष्कळसा संगमरवर तर भट्टीत भाजून त्याचा चुना केला गेला. एका सुभेदाराच्या मृत्यूचे वैभव अशा रीतीने तोफांना तोंड देण्याच्या कामी आले, आणि तेही व्यर्थ. कारण 1522 च्या अखेरीस सुलतान सुलेमानाने ऱ्होड्स घेताच पाठोपाठ हा किल्लाही फारसा प्रतिकार न होता त्याच्या हाती पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा तुरुंग झाला, पहिल्या महायुद्धात त्यावर फ्रेंच युद्धनौकेचे गोळे पडले, आणि 1960 च्या दशकाच्या आरंभी तेथे सागरतळातील पुरातत्त्वाचे संग्रहालय स्थापन झाले.

ह्या संग्रहालयाचे खरे श्रेय विद्वानांइतकेच स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना द्यावे लागते. बोद्रुम हे त्यांचे गाव. खोल पाण्यात उतरून खडकांवरचे स्पंज कापून आणणे हा त्यांचा पिढीजात धंदा, आणि वाताने लुळे पडणे किंवा मरणे ही त्याची नित्याची किंमत. समुद्रतळाची जी माहिती त्यांना होती ती कोणत्याही नकाशात नव्हती. 1958 मध्ये पीटर थ्रॉकमॉर्टन नावाचा अमेरिकन पत्रकार येथे आला, ह्या लोकांत मिसळला, त्यांच्या नौकांवर राहिला आणि त्यांच्या गप्पा टिपून घेऊ लागला. कमाल आरास नावाच्या कप्तानाने बोलता बोलता गेलिदोन्या भूशिराजवळ तळाशी चिकटून बसलेल्या धातूच्या ढिगाचा उल्लेख केला. त्याच्या लेखी ती मोड होती. 1960 मध्ये जॉर्ज बास ह्या तरुण अभ्यासकाने तेथे उत्खनन केले. हा गृहस्थ त्या कामासाठी फिलाडेल्फियातील एका पोहण्याच्या तलावात बुडी मारण्याचे धडे गिरवून आलेला! प्राचीन गलबताचे समुद्रतळावर शास्त्रशुद्ध आणि संपूर्ण उत्खनन होण्याचा तो पहिलाच प्रसंग.

तथापि माझे मन गुंतलेले आहे ते उलुबुरुनच्या गलबतात. 1982 मध्ये मेहमेत चाकर नावाच्या पाणबुड्याने वर येऊन आपल्या कप्तानाला सांगितले, की खाली कान असलेली धातूची बिस्किटे पडली आहेत. पुरातत्त्वाची मंडळी हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या गावांतून हिंडून स्पंजवाल्यांना तांब्याच्या प्राचीन लाद्यांची चित्रे दाखवीत असत, म्हणून ह्या वर्णनाचे चीज झाले. 1984 पासून 1994 पर्यंत दर उन्हाळ्यात काम चालले. गलबत 44 मीटरपासून 60 मीटरच्याही खाली उतारावर विखुरलेले. इतक्या खोलीवर माणसाची बुद्धी मद्य घेतल्यासारखी मंद होते, म्हणून दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक खेपेस वीसच मिनिटे तळाशी काम करावयाचे, असा शिरस्ता. अशा 22,413 बुड्या झाल्या.

आणि निघाले काय? इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीचा हा माल. सुमारे दहा टन सायप्रसचे तांबे आणि सुमारे एक टन कथील, म्हणजे काशाला लागणाऱ्या नेमक्या प्रमाणात. त्या कथिलापैकी काही तर अलीकडील पृथक्करणानुसार थेट मध्य आशियातील खाणींचे. निळ्या काचेच्या जाड वड्या, आफ्रिकेचे काळे लाकूड, हत्ती आणि पाणघोडे ह्यांचे दात, शहामृगाच्या अंड्यांची कवचे, कनानी घाटाचे शंभरावर कुंभ आणि त्यांत सुगंधी राळ, पशूंच्या आकाराची वजने, इजिप्तची राणी नेफरतिती हिच्या नावाची सोन्याची मुद्रा. एका उंदराच्या जबड्याचे हाडही मिळाले, आणि त्यावरून गलबत सीरियाकडील बंदरातून निघाले असावे ह्या तर्काला पुष्टी मिळाली. विनापरवाना चढलेल्या प्रवाशाने तीन हजारांहून अधिक वर्षांनी अशी जबानी द्यावी, हे मला सुवर्णमुद्रेहूनही अद्भुत वाटते.

दालनात गलबताचा अर्धा छेद पूर्ण आकारात उभारला आहे, आणि तांब्याच्या लाद्या तळाशी जशा रांगांनी रचलेल्या सापडल्या तशाच मांडल्या आहेत. लादीची चारही टोके ओढल्यासारखी बाहेर निघालेली. पृष्ठभाग खडबडीत, फोडाफोडांचा, समुद्राने हिरवा केलेला. ती सरासरी चोवीस किलोंची. हमालाच्या खांद्यावर ती कशी बसत असेल, ह्याचा मी बराच वेळ विचार करीत राहिलो. पहारेकऱ्याला माझा संशय आला असल्यास नवल नाही. बहुतेक प्रेक्षक येथून झपाट्याने 1989 मध्ये सापडलेल्या ‘कारियन राजकन्ये’च्या सुवर्णमुकुटाकडे जातात. जावोत बापडे.

मला मोहात पाडले ते एका तळहाताएवढ्या वस्तूने. लाकडाच्या दोन फळ्या, हस्तिदंती बिजागरीने जोडलेल्या, मेण बसविण्यासाठी आतून खोलगट केलेल्या: घडी घालता येणारी लेखनपाटी. मेण गेले, अक्षरे गेली. पण ‘इलियड’च्या सहाव्या सर्गात बेलेरोफॉनची कथा येते, राजा त्याच्या हाती घडीच्या पाटीवर खुणा कोरून देतो, आणि त्या खुणांत पत्र नेणाऱ्याच्याच वधाची सूचना असते. सबंध ‘इलियड’मध्ये लेखनाचा उल्लेख म्हणण्यासारखा हा एवढाच, आणि होमरच्या काळी अशा पाट्या आल्या त्या त्याने मागाहून जुन्या कथेत घातल्या, असे काही पंडित म्हणत असत. आता होमरच्याही कित्येक शतके आधीची अशी पाटी प्रत्यक्ष हाती आली. बेलेरोफॉनला पाठविले होते लिसियाला. आणि उलुबुरुन आहे लिसियाच्याच किनाऱ्यावर. ह्याला योगायोग म्हणावे हे मला कळते, पण त्या काचेसमोर उभे असताना कळत नव्हते.

शेजारी अकराव्या शतकातील सेर्चे लिमानीचे गलबत आहे. भंगारातली काच तीन टन भरून चालले होते. तिचे लाखो तुकडे वर्षानुवर्षे जुळवीत बसलेल्या लोकांच्या चिकाटीला मी मनातल्या मनात मुजरा केला आणि बाहेर पडलो.

आजच्या विलासी बोद्रुमचा जन्म मात्र एका शिक्षेतून झाला. सैन्यातून पळालेल्यांना देहदंड दिल्याविषयीच्या लेखाबद्दल 1925 मध्ये लेखक जेवात शाकिर ह्याला तीन वर्षे येथे स्थानबद्ध करण्याचा हुकूम झाला. ऑक्सफर्डला शिकलेला, पित्याच्या हत्येबद्दल पूर्वी तुरुंगवास भोगलेला हा विलक्षण मनुष्य. त्याला किल्ल्यात कोंडावयाचे, तर स्थानिक अमलदाराने सौजन्याने गावात राहू दिले, आणि कैदी समुद्राच्या प्रेमात पडला. शिक्षेचा उत्तरार्ध सरकारने इस्तंबूलला हलविला, तरी ती संपताच तो आपखुशीने परतला, ‘हॅलिकार्नाससचा कोळी’ ह्या नावाने लिहू लागला, परदेशातून बिया आणवून ताड आणि निलगिरी लावू लागला. स्पंजवाल्यांच्या साध्या नौकेतून, थोडी भाकरी, चीज, पाणी आणि तंबाखू घेऊन, मित्रांसह आखातांतून भटकण्याचा त्याने पाडलेला प्रघात पुढे ‘निळी यात्रा’ म्हणून प्रसिद्ध झाला. आज त्याच नावाखाली वातानुकूलित खोल्यांची गलबते भाड्याने मिळतात, आणि धक्क्यावरचे दलाल ती घ्या म्हणून इतका आग्रह करतात की समुद्राकडे नीट पाहूही देत नाहीत.

सायंकाळी मी मॉसोलसच्या थडग्याची जागा पाहिली. तेथे एक मोठा खड्डा, खांबांचे विखुरलेले तुकडे आणि माहितीची छोटी पडवी एवढेच शिल्लक आहे. शिल्पपट गेले लंडनला: काही 1846 मध्ये इंग्रज वकिलाने सुलतानाच्या परवानगीने किल्ल्याच्या भिंतींतून काढून नेले, बाकीचे दहा वर्षांनी चार्ल्स न्यूटनने उकरून. बोद्रुमला एक गोष्ट सर्रास सांगतात. ‘कोळ्या’ने ब्रिटिश म्युझियमला लिहिले, की ही शिल्पे ह्या निळ्या आकाशाखाली शोभण्याची, तुमच्या धुक्यात नव्हे, तरी परत करावी, त्यावर उत्तर आले, की सूचनेबद्दल आभारी आहोत, आम्ही त्या दालनाला निळा रंग दिला आहे. सांगणाऱ्यांनी ही कथा बरीच घासूनपुसून घेतली असावी असा माझा वहीम आहे. शिल्पपट मात्र अद्याप लंडनलाच आहेत.