अरबीतून बोलणारा सरकारी माणूस

संपादकांनी ‘अल-हुर्रा’वर लिहायला सांगितलं होतं. अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणारी ही अरबी वाहिनी १४ फेब्रुवारी २००४ रोजी व्हर्जिनियातल्या स्प्रिंगफील्डहून सुरू झाली आणि २०२५ मध्ये निधी अडल्यावर तिचं टीव्ही प्रक्षेपण थांबलं. तिच्याबद्दलचे अहवाल चाळताना माझं मन मात्र एका वेगळ्याच माणसात अडकलं. परक्या वाहिनीवर, परक्या भाषेत आपल्या सरकारची बाजू मांडायला बसणारा परराष्ट्र खात्याचा अधिकारी.

ती परकी वाहिनी म्हणजे ‘अल-जझीरा’. १ नोव्हेंबर १९९६ रोजी दोहात सुरू झालेली. पैसा कतारच्या अमीरांचा, पत्रकार बरेचसे त्याच वर्षी बंद पडलेल्या बीबीसीच्या अरबी टीव्हीतले. अरब घरांमध्ये तोवर बातम्या म्हणजे कोणत्या पाहुण्याचं राजवाड्यात स्वागत झालं, एवढंच. इथे विरोधक बोलू लागले, इस्रायली अधिकारीही बोलू लागले. फैसल अल-कासिम यांच्या कार्यक्रमात दोन पाहुणे समोरासमोर बसत आणि बघता बघता आवाज चढत.

२००१ मध्ये बिन लादेनच्या फिती याच वाहिनीवर लागायच्या. वॉशिंग्टनचा तिच्यावर राग होता. तरीही परराष्ट्रमंत्री पॉवेल, सुरक्षा सल्लागार राइस, संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी त्याच वर्षी तिला मुलाखती दिल्या, त्याही इंग्रजीतून. ३ नोव्हेंबरला आणखी एक फीत लागली, तेव्हा काही तासांत ख्रिस्तोफर रॉस पडद्यावर आले. अल्जीरिया आणि सीरियातले माजी राजदूत. खात्याने त्यांना निवृत्तीतून परत बोलावलं होतं. त्यांनी सुमारे १५ मिनिटं अस्खलित अरबीतून निवेदन वाचलं. मध्ये दुभाष्या नव्हता. अमेरिकेचं म्हणणं अमेरिकी माणसाच्या तोंडून थेट अरबीत ऐकायला मिळणं ही त्या प्रेक्षकांसाठी नवी गोष्ट होती.

पण असे रॉस किती? अमेरिकेच्या जनसंपर्काचा आढावा घेणाऱ्या एडवर्ड जेरेजियन यांच्या समितीने २००३ मध्ये मोजदाद केली. अरबीवर खरी हुकमत असलेले खात्यात ५४ जण. टीव्हीवर वाद घालू शकतील असे त्यातले बोटांवर मोजण्याइतके. जगातल्या सर्वांत श्रीमंत सरकारची ही स्थिती वाचून मी थक्क झालो.

अल्बर्टो फर्नांडेझ त्या बोटांवर मोजण्याइतक्यांपैकी एक. जन्माने क्यूबाचे, खात्याच्या मध्यपूर्व विभागात प्रसारमाध्यमांचं काम त्यांच्याकडे होतं. अरबी वाहिन्यांना त्यांनी शेकडो मुलाखती दिल्या. हे काम दिसतं त्याहून फार अवघड. मुद्दे वॉशिंग्टनमध्ये बसून लिहिलेले, तेही इंग्रजीत. स्टुडिओत समोर चिडलेला निवेदक, पलीकडे बगदाद किंवा बैरूतहून जोडलेला पाहुणा, आणि उत्तर त्याच क्षणी द्यायचं. लिहून दिलेलं जसंच्या तसं म्हटलं, तर बघणारा वाहिनी बदलतो. त्याने थांबून ऐकावं असं वाटत असेल, तर त्याचं काहीतरी मान्य करावं लागतं. फर्नांडेझ ते करत. मला त्यांचा आदर वाटतो तो यासाठीच.

२१ ऑक्टोबर २००६ रोजी ‘अल-जझीरा’वर इराकबद्दल बोलताना ते म्हणून गेले की, अमेरिकेकडून तिथे उद्धटपणा आणि मूर्खपणा झाला. हे शब्द जगभर पसरले. खात्याने आधी भाषांतरात चूक असल्याचं सांगितलं. ते टिकलं नाही. दुसऱ्याच दिवशी फर्नांडेझ यांचं माफीचं निवेदन आलं: बोलण्यात आपली गंभीर चूक झाली, हे आपलं मत नाही आणि खात्याचंही नाही.

त्यांची कारकीर्द पुढे चालू राहिली. काही वर्षांनी ‘अल-हुर्रा’ चालवणाऱ्या संस्थेचे ते प्रमुखही झाले. पण इराकमध्ये रोज माणसं मरत होती, आणि ‘चुकलं’ एवढं कोणीतरी म्हणावं यासाठी अरब प्रेक्षक तीन वर्षं थांबला होता. ते कानावर पडलं, आणि एका दिवसात परत घेतलं गेलं. ही गोष्ट मला अजून सलते.

२००६ च्याच सुमारास खात्याच्या जनसंपर्काची सूत्रं सांभाळणाऱ्या कॅरेन ह्यूज यांनी नियम सैल केले. राजदूतांना प्रत्येक मुलाखतीआधी परवानगी लागणार नव्हती. फक्त वॉशिंग्टनने आधी जे जाहीरपणे म्हटलं असेल, तेवढ्यातच राहायचं. अरबी वाहिन्यांसाठी दुबईत खास माध्यम केंद्रही उघडलं. माणसं वाढली, कॅमेरे जवळ आले. मुद्दे मात्र वॉशिंग्टनहूनच येत राहिले.

याच दुबई केंद्राच्या उपसंचालक आणि अरबी प्रवक्त्या होत्या हाला र्‍हारित. गाझातलं युद्ध सुरू झालं, तेव्हा वॉशिंग्टनहून आलेले मुद्दे घेऊन मुलाखती द्यायला त्यांनी नकार दिला. त्या मुद्द्यांत पॅलेस्टिनींच्या यातनांना जागाच नाही, आणि ते ऐकून अरब प्रेक्षक आणखी भडकेल, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रेक्षक काय बोलतोय हे वरिष्ठांना कळवणं हेही त्यांचं कामच होतं, आणि ते त्या करत राहिल्या. एप्रिल २०२४ मध्ये, १८ वर्षांच्या नोकरीनंतर, त्यांनी राजीनामा दिला. मुळात अशी माणसं इतकी थोडी. त्यातलं एक ऐन युद्धात कमी झालं, आणि अमेरिकेची शस्त्रं गाझात काय करतायत हा प्रश्न अरबी वाहिन्यांवर तेव्हा रोज विचारला जात होता.