सांगून विझणारा दिवा

राजमाचीहून लोणावळ्याकडे येणारी वाट साधारण पंधरा किलोमीटरची आहे. ती अवघड नाही. जीपगाड्याही तिच्यावरून जातात. पण ऐन पावसाळ्यात अंधार पडला की तिच्यावरचे ओढे निराळेच होतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री मी आणि माझा भाचा त्या वाटेने परतत होतो. ओढ्याच्या मधोमध, गुडघाभर पाण्यात असताना हातातली विजेरी गेली. ती मिणमिणली नाही, पिवळी पडली नाही. आत्ता लख्ख होती आणि आत्ता नव्हती. भाच्याने चाचपडत दुसरा सेल घातला, तो नेमका उलटा. मग ती पेटलीच नाही. एकमेकांचे हात धरून आम्ही कडेला आलो आणि उजाडेपर्यंत एका कातळाच्या आडोशाला बसून राहिलो.

त्या रात्री मला आजोबांचा कंदील आठवला. १९१५ पासून धरणांचे पाणी खोपोलीला उतरून मुंबईला वीज पुरवू लागले, तरी मावळातल्या वाड्या-वस्त्यांवर पुढे कितीतरी वर्षे उजेड कंदिलाचाच होता. तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये निघाला, कराडजवळ ओगले बंधूंचा १९१६ मध्ये. ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोचला. आमच्याकडेही तोच होता. कंदिलाचा उजेड तो किती! पण त्यात एक गुण होता. तेल संपत आले की ज्योत आधी खाली बसे, मग तांबूस होई, वात चरचरे. घरातल्या कुणाला तरी उठून बाटली आणायला वेळ मिळे. कंदील सांगून विझायचा.

मग माझ्या विजेरीने का सांगितले नाही? उत्तर तिच्या खोक्यावरच छापलेले होते : ‘शेवटपर्यंत एकसारखा प्रकाश’. लिथियमचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट असतो आणि रिकामा होताना तीनच्या आसपास येतो. आतले सर्किट ही घसरण डोळ्यांना जाणवू देत नाही, प्रकाश स्थिर ठेवते. सेल अगदी तळाला गेला की त्याची नासाडी होऊ नये म्हणून संरक्षक सर्किट तो एकदम तोडते. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी शहाणपणाच्या आहेत. मात्र त्या दोन्हींमध्ये विजेरी धरणाऱ्या माणसाचा विचार कुठेच नाही.

हा विचार घालायचा तर आतला बोर्ड आपणच आखायला हवा, असे मनाने घेतले. बोर्ड म्हणजे काच-धाग्याच्या कडक पत्र्यावर चिकटवलेले तांबे. नको तेवढे तांबे आम्लासारख्या द्रावणाने खाऊन टाकायचे. उरतात त्या रेषा म्हणजेच तारा. व्हिएन्नात जन्मलेला पॉल आयस्लर १९३६ मध्ये इंग्लंडला आला आणि त्याने छापखान्याचे हे तंत्र रेडिओच्या जोडणीला लावले. आज सर्किटचा आराखडा ज्या फायलींतून कारखान्याला धाडतात त्यांना गर्बर म्हणतात. तो जोसेफ गर्बरही मूळचा व्हिएन्नाचाच, नाझी छळातून निसटून १९४० मध्ये अमेरिकेत पोचलेला.

आखणीसाठी मी ‘किकॅड’ वापरले. फ्रान्समधल्या एका प्राध्यापकाने १९९२ मध्ये सुरू केलेली ही आज्ञावली फुकट मिळते. जागा होती १७ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी. तिच्यात चार गोष्टी बसवायच्या होत्या. पहिली, ७१३५ नावाच्या चार चिप. त्यातली प्रत्येक ३५० मिलिअँपिअरवर प्रवाह बांधून ठेवते. चार मिळून १.४ अँपिअर. दुसरी, ‘अ‍ॅटटायनी ८५’ हा आठ पायांचा छोटा संगणक. त्याच्या पोटात १.१ व्होल्टचे एक स्थिर माप असते. त्याच्याशी ताडून तो सेलमध्ये किती उरले ते स्वतःच ओळखतो. तिसरी, प्रकाश कमी-जास्त करण्यासाठी चिपांना सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारी जोडणी.

चौथी गोष्ट भाच्याच्या उलट्या सेलसाठी. अशा वेळी साधा डायोड घालतात, पण तो अर्धा व्होल्ट तरी खातो. एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात. सेल साडेतीनवर आला की अर्ध्या व्होल्टचीही चैन परवडत नाही. म्हणून डायोडऐवजी मॉसफेट घातला. सरळ सेलला तो जवळपास काहीच वाटेकर लावत नाही आणि उलट्याला वाट देत नाही.

खरा हिशेब मात्र वेगळाच होता. सेल ३००० मिलिअँपिअर-तासांचा धरा. पूर्ण प्रकाशात तो दोन तासांहून थोडा अधिक चालतो. त्याचे शेवटचे पाच टक्के म्हणजे १५० मिलिअँपिअर-तास. ते पूर्ण प्रकाशात सहा-साडेसहा मिनिटांत संपतात. पण एलईडीला वीसच मिलिअँपिअर दिले तर सात तास पुरतात. वीस मिलिअँपिअरचा उजेड पावलापुढचा दगड दाखवण्याइतका असतो. जी सहा मिनिटे दिमाखात उधळली जात होती, तिच्यात उजाडेपर्यंतची सारी रात्र दडलेली होती. म्हणून आज्ञावलीत लिहिले : सेल ३.३ व्होल्टवर आला की दोनदा मिचकून प्रकाश अर्धा कर, तीनवर आला की वीस मिलिअँपिअरवर ये, २.८ ला आला की मगच मीट.

मागणी नोंदवणे त्यामानाने सोपे. फायली पाठवायच्या, जाडी आणि तांब्याचा थर सांगायचा. माझा बोर्ड दोन थरांचा, तांबे ३५ मायक्रॉनचे. कारखाने अनेकांचे आराखडे एकाच मोठ्या पत्र्यावर मांडून मग कापतात, म्हणून पाच नगही स्वस्तात होतात. बोर्डांपेक्षा टपालखर्चच जास्त झाला.

पाकीट आले. लोकलने पुण्याला जाऊन तपकीर गल्लीतून सुटे भाग आणले, भिंगाखाली डाग दिले, सेल घातला. विजेरी पेटेना. दोन संध्याकाळी मी चिपांवर संशय घेत होतो. चूक माझीच होती, आणि ती डोळ्यांसमोर होती. विजेरीत सेलचे धन टोक बोर्डामागच्या स्प्रिंगला टेकते. ऋण बाजू मात्र धातूच्या नळीतून फिरून बोर्डाच्या कडेच्या तांब्याच्या कड्याला मिळते. ते कडे उघडे ठेवायला मी विसरलो होतो. कारखान्याने सांगितल्याप्रमाणे त्यावर हिरवा रोगण चढवला होता. ब्लेडने रोगण खरवडला तेव्हा उजेड पडला. संगणकाच्या पडद्यावर बोर्ड हातभर दिसतो, म्हणून अशा चुका निसटतात. आता मी आराखडा खऱ्या मापात कागदावर छापतो, कात्रीने गोल कापतो, विजेरीत घालून पाहतो, आणि सेलपासून एलईडीपर्यंत व परत असा प्रवाहाचा सारा रस्ता बोटाने गिरवतो. त्यानंतरच मागणी.

दुसऱ्या खेपेचे पाच बोर्ड नीट चालले. एका रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर विजेरी पेटवून ठेवली आणि घड्याळ लावून बसलो. दोन तासांनी ती मिचकली, अर्धी झाली. पुढे काही वेळाने अगदी बारीक झाली. मी झोपायला गेलो. पहाटे पाणी प्यायला उठलो तेव्हाही ओट्यावरची भांडी ओळखू येत होती.

लोणावळ्यातल्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक वाट चुकलेल्यांना शोधायला रात्री-अपरात्री दऱ्यांत उतरतात. त्यांच्या कामापुढे माझ्या बटणाएवढ्या बोर्डाची मातब्बरी नाही. पण दुकानातली विजेरी घेताना लोक ‘लांब किती जातो?’ एवढेच विचारतात. मी आता विचारतो, ‘संपताना काय करते?’ विक्रेत्याला बहुधा उत्तर देता येत नाही. मग घरी एक रात्र ती पेटती ठेवून स्वतः पाहावे. त्याला आखणी लागत नाही की मागणी.

पाचांपैकी एक विजेरी भाच्याकडे आहे. तिच्या बोर्डावर सेलच्या बाजूला मी पांढऱ्या शाईत एक मोठे अधिकचिन्ह छापून घेतले आहे. अंधारात ते दिसणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी मॉसफेट आहे. पण दिवसा सेल बदलताना त्याला ते दिसते आणि दर वेळी तो हसतो.