भाकरीचा हिशेब झाला, कोरड्यासाचा राहिला

हॅरल्ड मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते, मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पवनेकाठचं पिंपळे सौदागर हे गाव निवडलं आणि तिथल्या जमिनी, पिकं, कर्जं आणि मजुरी यांची बारकाईनं मोजदाद केली. १९१७ साली त्याचं पुस्तक निघालं. त्यातला एक हिशेब अर्थशास्त्राचे विद्यार्थी आजही वाचतात. या गावात १७७१ मध्ये सरासरी धारणा ४० एकरांची होती, १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१५ च्या सुमारास सातावर. बहुतेक घरं नुसत्या शेतीवर भागवू शकत नव्हती. आज पिंपळे सौदागरात एकरांची भाषा कुणी बोलत नाही, चौरस फुटांची बोलतात. गावच्या जेवणाचं धान्य, भाजी, दूध सगळं बाहेरून येतं.

मॅनसाहेबांपासून आजपर्यंत पुण्याचं आणि आसपासच्या गावांचं ताट बरंच बदललं. ते बदलण्यात खाणाऱ्याच्या आवडीचा वाटा कमी. कालवा, रेशनचं दुकान आणि बाजारभाव यांचा जास्त. या तिघांनीही डोळ्यांसमोर ठेवलं ते धान्य, किंवा त्याहून जास्त पैसा देणारं पीक. भाकरीबरोबर खायचं काय, म्हणजे कोरड्यास, डाळ, पालेभाजी, ताक, दूध, अंडं, हा प्रश्न घरातल्या बाईवर सोडून सगळे मोकळे झाले. शंभर वर्षांचा आढावा घेतला की तब्येतीची गोची नेमकी तिथे सापडते.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. खडकवासल्याचं धरण १८७० च्या दशकात बांधून झालं. त्याचं पाणी शहराला, लष्कराला आणि कालव्यातून हडपसर, मांजरीकडच्या शेतीला मिळू लागलं. मांजरीला या पाण्यावर महात्मा फुल्यांनी स्वतः बागायत केली. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी ताली-बंधारे घालून पावसाचं पाणी आधी शेतात मुरवावं, असा आग्रह धरला आहे. सरकारचा भर मात्र मोठ्या कालव्यांवर होता. दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून काढलेले दख्खनचे हे कालवे बघता बघता उसाचे झाले. ज्वारीवाल्याला पाऊस बरा झाला की पाणीपट्टी नकोशी व्हायची. ऊसवाला बारा महिने पाणी घ्यायचा आणि पैसे भरायचा. नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत आणली. एका ठराविक भागातच ऊस आणि बाकीच्या रानात धान्य व हंगामी पिकं, अशी ती विभागणी होती. पाणी पसरून वापरलं जावं, जमीन बिघडू नये, हा हेतू. तरी उसाची ओढ थांबली नाही, आणि नीरा खोऱ्यात चिबड जमिनीचा प्रश्न उभा राहिलाच. पुढे १९७५ साली मांजरीतच ऊस संशोधनाची संस्था निघाली, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. राज्यातल्या पिकाऊ जमिनीच्या चारेक टक्क्यांवर असलेला ऊस सिंचनाचं सुमारे ७० टक्के पाणी घेतो, हा अंदाज सरकारी अहवालांत पुन्हा पुन्हा येतो. उसाला मिळालेलं हे पाणी तुरीला, हरभऱ्याला, भाजीला मिळालेलं नाही, एवढं त्यावरून समजायला हरकत नाही.

पश्चिमेकडे, मावळात, गोष्ट वेगळी आणि जास्त करुण. मुळशीच्या खोऱ्यात आंबेमोहर पिकायचा. तिथे टाटांचं वीजनिर्मितीचं धरण होऊ घातलं तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ असा सत्याग्रह झाला. धरण झालंच. मुंबईला वीज मिळाली, भाताची खाचरं पाण्याखाली गेली. उरलेला आंबेमोहर वासाला राजा, पण उताऱ्याला कमी आणि वाऱ्यानं लोळणारा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं त्याचा ‘आयआर ८’शी संकर करून १९८७ साली इंद्रायणी दिला. पुण्यातल्या मध्यम ऐपतीच्या घरांत आज सुवासिक भात म्हणून शिजतो तो बहुधा हाच.

पण पुण्याच्या ताटावर सगळ्यात खोल ठसा उमटवला तो रेशननं. दुसऱ्या महायुद्धात धान्याचं नियंत्रण आलं आणि जे दुकानात येईल ते खायची सवय शहराला लागली. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेचा ‘पीएल ४८०’ करारातला गहू येऊ लागला. त्याच दशकात पुण्यात एका नव्या तणाची नोंद झाली, ते गाजरगवत. लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटलं आणि खापर अमेरिकी गव्हावर फोडलं. या वनस्पतीचे भारतातले त्याहून जुने नमुनेही सापडले आहेत, त्यामुळे सगळा दोष त्या गव्हाच्या माथी मारायचा का, यावर मतभेद आहेत. पण रस्त्याकडेची कुरणं आणि पडीक रानं या गवतानं खाल्ली, शेतमजुरांच्या अंगाला खाज आणि दम्याची भर घातली, याबद्दल वाद नाही. धान्य आयात होतं तेव्हा त्याबरोबर एक अख्खी शेतीही आयात होऊ शकते, तिच्या तणांसकट.

१९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ उपास करायला सांगितलं आणि लोकांनी तो केला. त्याच्या एक वर्ष आधी ‘सीएसएच १’ ही संकरित ज्वारी आली होती. उतारा दांडगा, पण भाकरीला मालदांडी ज्वारीची चव नाही, अशी कुरकुर झाली. ‘हायब्रीड’ हा शब्द बेचव माणसांसाठीही वापरात आला. मग १९७२ चा दुष्काळ. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या लोकांना सुकडी मिळाली आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. ज्यांनी ती खाल्ली त्यांच्या पिढीला ज्वारीची भाकरी म्हणजे गरिबीची आठवण झाली आणि गव्हाची चपाती म्हणजे बरे दिवस. पोरांनी चपाती मागितली यात त्यांचं काय चुकलं?

या सगळ्यात देश भुकेतून बाहेर आला, ही साधी गोष्ट नव्हे. पण त्याच काळातला दुसरा आकडा बघा. १९५१ मध्ये देशात माणशी रोजची डाळीची उपलब्धता सुमारे ६१ ग्रॅम होती; २००० साली ती ३२ ग्रॅमच्या आसपास उतरली. धान्य वाढलं, डाळ निम्मी झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ, गहू आणि भरड धान्य स्वस्तात द्यायची हमी आली. त्यात डाळ नव्हतीच.

ताटाचा याहून वेगळा विचार पुण्याजवळ एकदा झाला होता. गांधीजी पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात राहत असत. शहरातला असा उपचार गरिबाला परवडणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि मार्च १९४६ मध्ये ते उरळी कांचनला गेले. गावात आश्रम निघाला. गांधीजी पुढे निघून गेले, मणिभाई देसाई तिथेच राहिले. आजार बरा करायचा तर आहार सुधारला पाहिजे, आहाराला दूध-फळं पाहिजेत, दुधाला गाय आणि गाईला चारा पाहिजे, अशा साखळीनं उपचाराचा आश्रम शेतीपर्यंत आणि गीर गाईंपर्यंत पोचला. १९६७ मध्ये त्यातूनच ‘बाएफ’ ही संस्था उभी राहिली. तिनं विदेशी वळूंच्या संकरातून दुधाचं उत्पादन वाढवलं, आणि पुढच्या काळात अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांच्यासारख्या बियाणं जपणाऱ्या शेतकरी बाईच्या पाठीशी तीच संस्था उभी राहिली. संकर आणि गावरान वाण या दोन टोकांची कामं एकाच संस्थेकडून झाली, यावरून धडा घ्यायला हवा: प्रश्न ‘जुनं की नवं’ असा सरळ कधीच नव्हता.

तो सरळ नाही हे सप्रमाण दाखवलं पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या अभ्यासानं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. आगरकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी आहाराची बाजू बारकाईनं मांडली. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण वजन कमी असूनही या बाळांच्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी तुलनेनं टिकून होती. ‘किडकिडीत पण लठ्ठ’ असं हे बाळ पुढे मधुमेहाच्या वाटेवर लवकर लागतं. आईनं एकूण किती उष्मांक खाल्ले याचा बाळाच्या वजनाशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाजी, दूध आणि फळं ती किती वेळा खाते याच्याशी. शेतात राबणं आणि पाणी वाहणं जितकं जास्त, तितकं बाळ लहान, हेही पुढे आलं. दोन-तृतीयांश आयांमध्ये बी १२ जीवनसत्त्व कमी होतं. बी १२ कमी आणि फोलेट भरपूर असलेल्या आयांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सगळ्यांत कमी दाद देत होती.

या बायकांच्या ताटात भाकरी होतीच. त्यामुळे ‘आजीच्या काळातलं जेवण किती सकस’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांना हा अभ्यास अडचणीचा आहे. जुन्या ताटातही कोरड्यास तुटपुंजं होतं, आणि घरात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला त्यातलंही थोडंच.

बी १२ शाकाहारात दुधातूनच मिळतं. त्याखेरीज अंडी, मासे, मटण. अंड्यांच्या बाबतीत पुणं तर देशाची राजधानीच. भावाचं धोरण ठरवणारी, १९८२ मध्ये निघालेली अंडी समन्वय समिती इथूनच चालते, आणि ‘संडे हो या मंडे’ ही तिचीच जाहिरात. इतकं जवळ असलेलं हे अंडं शाळेतल्या पोराच्या ताटात मात्र येतं आणि जातं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला.

पालेभाजीची अडचण निराळी. ती लांबून आणता येत नाही, शहराच्या कडेलाच पिकते. ती कडच शहरानं गिळली. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. राहिलेली भाजी मुळा-मुठेच्या खालच्या अंगाला, मांजरी, लोणी, थेऊरकडे. आणि तिथल्या नदीत शहराचं पुरेसं शुद्ध न झालेलं मैलापाणी. मुंढव्याच्या जॅकवेलमधून हेच पाणी कालव्यात सोडून शेतीला द्यायचं आणि धरणातलं ताजं पाणी शहरानं ठेवायचं, अशी वाटणी झाली. नदीत उरलेलं पाणी पुढे उजनीत जातं आणि सोलापूरकरांच्या नळाला येतं. शहराच्या स्वयंपाकघरातला ओला कचरा नव्वदच्या दशकापासून उरुळी देवाचीच्या डेपोवर साठला आणि आसपासच्या विहिरींचं पाणी नासलं. एका उरळीत आहारातून आरोग्य शोधलं गेलं, दुसऱ्या उरुळीनं शहराचं उष्टं सोसलं.

२०१८ च्या सुमारास घरोघरी वाद रंगला: डॉ. दीक्षितांचं दोन वेळा जेवण की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं, स्थानिक आणि पारंपरिक? २०२३ हे भरड धान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि ज्वारी-बाजरी मॉलमध्ये चढ्या भावानं पोचली. दोन्हींचं स्वागतच आहे. लोक ताटाकडे बघायला लागले. पण दोन्ही चर्चांत निर्णय एकट्या खाणाऱ्याच्या गळ्यात आणि लक्ष पुन्हा धान्याकडे किंवा घड्याळाकडे.

आता पुढचा हिशेब कोरड्यासाचा करायला हवा. रेशनवर नियमित डाळ, शाळेत अंडं, कालव्याच्या पाण्यात कडधान्याला आणि भाजीला राखीव वाटा, आणि खालच्या गावांना शुद्ध केलेलं पाणी. यातला शेवटचा खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकात मलनिस्सारणाच्या सदरात असतो म्हणून तो जेवणाचा वाटत नाही. वास्तविक पुणेकरांच्या मेथी-पालकावरचाच तो खर्च आहे, आणि डॉक्टरांच्या बिलापेक्षा तो स्वस्तच पडेल.