पाना कुणाचा, पावती कुणाची?

परदेशी हत्यार चांगले की देशी? रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत चार-दोन वर्षे काढून शिरूरला स्वतःचे गॅरेज किंवा वेल्डिंगचे दुकान टाकू पाहणारा आपला तरुण हे विचारतो. दौंड-कुरकुंभचा तरुणही विचारतो. स्वदेशीच्या भाषणांतून याचे उत्तर मिळत नाही.

लोहाराच्या पोराला ऐरण आणि सुताराच्या पोराला रंधा घरातच मिळाला. आमच्या बापजाद्यांच्या हाती गावकीने वेसकराची काठी दिली. पाना-हातोडा आमच्या हाती आला तो रेल्वेत, गिरणीत, दारूगोळा कारखान्यात, आणि तोही मालकाचा! पाळी संपली की जमा. हत्यारपेटी स्वतःच्या पैशाने घेणारी पिढी आपल्यात कित्येक घरांत आजच उभी राहते आहे. तिला एकदा फसणेही परवडत नाही.

पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर यांत परदेशी नावासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. नाशिकची तपारिया घ्या, जालंधरचा नावाजलेला माल घ्या, वर्षानुवर्षे चालतो. लेथवर जॉबवर्क करणाऱ्याच्या मायक्रोमीटरचे मात्र वेगळे आहे. माप चुकले तर अख्खा जॉब भंगारात. तिथे जपानी मिटुटोयो महाग असले तरी हात आखडू नये.

ड्रिल आणि ग्राइंडरमध्ये तर देशी-परदेशी हा भेदच पुसट झाला आहे. जर्मनीची बॉश भारतातही यंत्रे बनवते आणि केपीटी ही आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळची. येथे विचारायचे ते एवढेच, की कार्बन ब्रश आणि आर्मेचर तालुक्याला मिळते की पुण्याला खेटे घालावे लागतात? यंत्र चार दिवस बंद म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडाली. रस्त्यावर मिळणारे बिननावाचे आयात ग्राइंडर निम्म्या किमतीत मिळाले तरी घेऊ नये. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि मूळ देश छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ते ज्यावर नाही, त्याची चाकती फुटून डोळा गेला तर नोटीस कुणाला पाठवणार?

आणि पावती घ्याच. ‘धंद्यासाठी घेतलेल्या यंत्राला ग्राहक कायदा लागू नाही’ असे दुकानदार ठासून सांगतात. ते अर्धसत्य आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या प्रमाणावर उत्पादनासाठी यंत्र घेणाऱ्या कारखान्याला ग्राहक मानले नाही. पण स्वतः चालवून पोट भरण्यासाठी लेथ घेणारा माणूस ग्राहकच आहे, असेही त्याच निकालात स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात हे संरक्षण कायम आहे. आता तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता मुंबईचा असो वा दिल्लीचा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत २ वर्षांची. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीख नसेल तर पुढे तोंडी वादच उरतो.

पण पेटीचे पैसे आणायचे कोठून? केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आणली. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर. यादीत १८ व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, परीट वगैरे. अट अशी की व्यवसाय पारंपरिक, कुटुंबातून चालत आलेला हवा. त्या कारागिरांना मदत मिळू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु बापाचे काम सोडून जो आयटीआयला गेला, त्याचा फिटर, वेल्डर, मोटार मेकॅनिक हा व्यवसाय त्या १८ मध्ये नाही. जातीने नेमून दिलेले काम केले तर सरकार हत्यार देणार आणि ते सोडले तर नाही, याला काय म्हणावे? शिरूर आणि दौंडच्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न आपापल्या आमदार-खासदारांना लेखी विचारावा आणि निवेदनाची पोच घ्यावी.