पोटातले बाळ, हार्मोन आणि ‘मुलगा होण्याची पुडी’

दिवस गेले की कुणीतरी ‘मुलगाच होईल’ म्हणून पुडी आणून देते. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो तेव्हाच, बापाच्या शुक्राणूवरून ठरलेले असते. पुडीने ते बदलत नाही. मग पुडीत असते काय? हरियाणात अशा औषधांची तपासणी झाली, तेव्हा काहींत टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी हार्मोन सापडला. गर्भाच्या मेंदूजवळ त्याचे काय काम, ते पाहू.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात. विहारातल्या वाचनालयात पुस्तके खूप, पण उघडली तेवढीच वाचली जातात, तसे हे आहे. हार्मोन रक्तातून पेशीत शिरतो, तिथल्या एका प्रथिनाला चिकटतो आणि ती जोडी डीएनएवर जाऊन बसते. मग काही जनुके चालू होतात, काही बंद. मुलाच्या गर्भात साधारण ८व्या आठवड्यापासून टेस्टोस्टेरॉन तयार होऊ लागते.

१९५९ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात गाभण गिनीपिगांना टेस्टोस्टेरॉन दिले. त्यांच्या मादी पिल्लांचे मोठेपणीचे वागणे नरासारखे झाले. उंदरांत तर गंमतच आहे. मेंदूत पोचलेल्या टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रॅडिऑल बनते, म्हणजे ज्याला आपण बायकांचा हार्मोन म्हणतो तोच नराचा मेंदू घडवतो. मादी पिल्लांच्या मेंदूत काही जनुकांना मिथाइल नावाची रासायनिक कुलपे असतात. इस्ट्रॅडिऑल ही कुलपे लावण्याचे काम मंद करते. मेरीलँड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी औषध देऊन तेच काम रोखले, तेव्हा मादीही नरासारखी वागली. हे संशोधन २०१५चे.

माणसाचे गणित उंदरासारखे नाही. आपल्यात टेस्टोस्टेरॉन बहुतेक स्वतःच काम करते, आणि तेही त्याला धरणारे प्रथिन धड असेल तरच. काही जणींची गुणसूत्रे पुरुषाची असतात, टेस्टोस्टेरॉनही भरपूर असते, पण ते प्रथिन चालत नाही. शरीर बाईचेच घडते आणि बहुतेक जणी स्वतःला बाईच मानतात. इस्रायलच्या डाफ्ना जोएल यांनी १,४०० हून अधिक मेंदूंची छायाचित्रे तपासली. पूर्ण ‘पुरुषी’ किंवा पूर्ण ‘बायकी’ मेंदू फार थोडे निघाले, बहुतेक मेंदू सरमिसळ. पोरीचे डोके गणितात चालत नाही म्हणणाऱ्यांनी हे ऐकावे.

हरियाणातल्याच अभ्यासात या औषधांचा जन्मजात व्यंगांशी संबंध दिसला. कुणी पुडी घेतली असेल तर तिला रागावू नका. उरलेली पुडी घेऊन आशाताईंसोबत दवाखान्यात जा, डॉक्टरांना दाखवा.