वेंचणें आणि पेरणें

ऐरोलीजवळ ठाण्याच्या खाडीस ओहोटी लागली कीं चिखलांत उतरून चिंबोऱ्या व शिंपले वेंचावयाचे, आणि खाडीलगतच्या खारजमिनीस बांध घालून पावसाळ्यांत भात पिकवावयाचा, असा कोळी-आगरी कुटुंबांचा जुना क्रम होता. निसर्गानें दिलेलें वेंचणें आणि स्वतःस हवें तें पेरणें, हे मानवेतिहासांतील दोन मोठे अध्याय होत. पहिल्यांतून मनुष्य दुसऱ्यांत कसा आला? आणि ही वाट केवळ पुढेंच जाणारी होती काय?

आजच्या मनुष्यजातीचे पूर्वज आफ्रिकेंतले. सुमारें ६०,००० ते ७०,००० वर्षांपूर्वीं त्यांच्या कांहीं टोळ्या तेथून निघून आशियाभर पसरल्या, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. कांहींनीं समुद्रकांठची वाट धरली असावी. कारण ओहोटी म्हणजे दिवसांतून दोनदां उघडणारें कोठार. मात्र त्या मुक्कामांच्या खुणा मिळणें कठीण. सुमारें २०,००० वर्षांपूर्वीं हिमयुग ऐन भरांत असतां पृथ्वीवरील पुष्कळ पाणी बर्फांत अडकलें होतें व समुद्र आजच्याहून सुमारें ४०० फूट खालीं होता. मुंबईचा किनारा तेव्हां दूर पश्चिमेस होता. आजची खाडी ही कोरडी दरी होती. पुढें बर्फ वितळला आणि जुना किनारा पाण्याखालीं गेला. घाटावर मात्र अशा भटक्यांच्या खुणा टिकल्या. जळगांव जिल्ह्यांतील पाटणें येथें सुमारें २५,००० वर्षांपूर्वींचे, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सांपडले आहेत. पोटामागें फिरणाऱ्या त्या माणसांस अलंकाराचीही हौस होती.

शेतीनें श्रम वांचले असें नाहीं; ते वाढलेच. परंतु तितक्याच भूमीवर अधिक तोंडें पोसतां येऊं लागलीं व धान्य सांठवितां येऊं लागलें. माणसें वाढलीं कीं केवळ वेंचून सर्वांचें भागेना. शेती सोडणें असें दुर्घट होत गेलें.

तरीही तसा प्रसंग आला. पुणें जिल्ह्यांत, घोड नदीच्या कांठीं, इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें. इ. स. पूर्वीं १६०० च्या सुमारास तेथें शेतकऱ्यांची वस्ती झाली. सातू हें मुख्य पीक, जोडीला कडधान्यें. धान्याच्या कणग्या होत्या, चौकोनी घरें होतीं, पुढें पुराच्या पाण्यासाठीं बांध व पाटही झाला. मग इ. स. पूर्वीं १००० नंतर पाऊसमान घटलें. चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोंपड्या आल्या. शेती आटली, आणि शेळ्यामेंढ्या व शिकार यांवरील भार वाढला. इ. स. पूर्वीं ७०० च्या सुमारास गांव ओस पडलें.

म्हणजे शेती ही एकदां चढून मागें टाकावयाची पायरी नव्हे. पीक बुडालें तेव्हां इनामगांवकरांस माळरान व कळप उरले होते. खारजमिनीचा बांध फुटून शेतांत खारें पाणी शिरलें तरी आगऱ्यांस खाडी उरे. २०१५ मध्यें या खाडीचा कांहीं भाग रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून घोषित झाला. पक्ष्यांप्रमाणेंच माणसांचेंही तें जुनें कोठार आहे. दुष्काळांत आधार देणारें असें कोठार बुजवल्यावर मागें फिरण्यास वाट उरत नाहीं, एवढें तरी इनामगांवच्या गोल झोंपड्या सांगून जातात.