एक चित्र, अनेक फळ्या

भेंडीचे ठसे आपण सर्वांनीच काढले आहेत. जपानात असेच लाकडाच्या ठशांनी डोंगर, नदी, पाऊस यांची चित्रे छापतात. ती कशी, ते मी सांगतो.

चेरीच्या लाकडाच्या फळीवर चित्र उलटे कोरतात. पहिली फळी रेघांची, मग प्रत्येक रंगाची वेगळी. फळीला पाण्यातला रंग लावायचा, वर कागद ठेवायचा आणि पाठीवरून गोल चकतीने घासायचे. यंत्र नाहीच! प्रत्येक फळीवर एकाच जागी दोन खाचा असतात. कागद तिथेच टेकवायचा. जरा सरकला की डोंगराचा रंग आभाळात गेलाच! माझे वडील सोलापुरात चादरीच्या मागावर आहेत. ते म्हणाले, "आमचंबी तसंच. एक धागा चुकला की फूल बिघडतं."

हिरोशी योशिदा (१८७६-१९५०) हे या कलेतले मोठे चित्रकार. १९२६ साली त्यांनी शिडाच्या होड्यांचे चित्र त्याच फळ्यांवर रंग बदलून छापले. एकात सकाळ, एकात रात्र! १९३० साली ते भारत पाहायला निघाले. पुढे त्यांनी आपल्या अजिंठा-वेरूळचीही चित्रे छापली.

मित्रांनो, जुन्या रबरी चपलेचे तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवा. प्रत्येक रंगाला वेगळा पुठ्ठा घ्या, पण कागद टेकवायचा कोपरा सगळ्यांवर एकाच जागी करा. मग बघा, रंग कसा जागेवर बसतो!